जागा कुणाची? ‘किर्लोस्कर खबर’ ते व्हॉट्सॲप

मंडळी, कंपनी आणि समाज एकमेकांशी बोलतात, ही गोष्ट मोबाइलपासून सुरू झाली असं आपल्याला वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. आज आपण त्याचे तीन-चार टप्पे बघू, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारू. बोलणं चाललंय ती जागा कुणाची?

सुरुवात इथूनच करू. येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते. येडेश्वरीची पालखी आमराईत येते, लोक चुन्याचे खडे वेचतात. यात्रेत दुकानं लागतात, मोठ्या कंपन्यांचे फलकही लागतात. पण विकणारा तिथे पाहुणा असतो. जागा देवीची आणि गावाची. रीत गाव ठरवतं, व्यापारी ती पाळतो.

आता १९२० मध्ये चला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लोखंडी नांगर तयार होत होते. त्याआधी बरीच वर्षं शेतकरी नांगराला हात लावायला तयार नव्हते, कारण लोखंडानं जमिनीला विष होतं असा समज होता. माल चांगला असून भागत नाही, माणसाच्या मनातली शंका ऐकावी लागते, हे या कारखान्यानं अनुभवातून ओळखलं. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. मूळ ते कारखान्याचं पत्रक. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. नांगराच्या कंपनीनं मराठी मध्यमवर्गाला वाद घालायला जागा दिली. जागा कंपनीचीच होती, हे खरं. पण छापलेल्या शब्दाला संपादक होता. कुणाला राग आला तर कुणाला पत्र लिहायचं, हे ठाऊक होतं.

तिसरा टप्पा २०१५ चा. फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर काही राज्यांत ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ आणलं. त्यात महाराष्ट्रही होता. निवडक संकेतस्थळं फुकट, बाकीची पैसे भरून. पुढे त्याचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. गरिबाला फुकट मिळतंय, मग तक्रार कसली? तक्रार अशी की कोणती दारं उघडी ठेवायची हे कंपनी ठरवणार होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं लोकांची मतं मागवली, तेव्हा फेसबुकनं आपल्या वापरकर्त्यांपुढे तयार मजकूर ठेवला. बटण दाबा, मत गेलं. प्राधिकरणाचं म्हणणं पडलं की या पत्रांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा भेदभावाच्या दरांवर बंदी आली. इथे एक फरक लक्षात घ्या. संख्या गोळा करणं वेगळं, संवाद वेगळा. संवादात समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो, आणि त्या ‘नाही’चं काही तरी होतं.

चौथी गोष्ट जड आहे, पण टाळता येत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले होते. सोलापूर-धुळे महामार्ग आपल्या येरमाळ्यावरूनच जातो. पिढ्यान्‌पिढ्या असे लोक गावोगाव फिरत आले, कारण दारात उभ्या माणसाला ‘कुठले तुम्ही?’ असं विचारण्याची रीत होती. त्या दिवशी विचारण्याआधीच उत्तर ठरलं होतं.

त्यानंतर कंपनीनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवा ज्या माध्यमावर फिरली, त्याच्या मालकाला लोकांशी बोलायला छापील कागद लागला! मर्यादा योग्यच होती. पण ती घालायला माणसं मरावी लागली. आणि मारणारे हात यंत्राचे नव्हते, हेही आपण विसरता कामा नये.

म्हणून ही माध्यमं टाकून द्यायची का? नाही. २०११ पासून काही तरुणांनी ‘फेसबुक दिंडी’ चालवली, ज्यांना चालता येत नाही त्यांच्यापर्यंत वारी पोचवली. जागा कंपनीची, रीत वारकऱ्यांची. हे जमू शकतं. २०२१ मध्ये फेसबुकनं ‘मेटा’ नाव घेतलं आणि आभासी जगाचं स्वप्न मांडलं. तिथे तर पायाखालची जमीनसुद्धा कंपनीनं रचलेली असणार.

तत्त्वज्ञानात जबाबदारी म्हणजे विचारल्यावर उत्तर देण्याची तयारी. कंपनीकडे ती मागायची असेल, तर आपल्याकडेही ती हवी. गावाच्या ग्रुपवर आलेला संदेश पुढे ढकलण्याआधी एकानं तरी विचारावं, ‘हे कुणी पाहिलंय?’ एवढं विचारणारा माणूस ज्या ग्रुपात आहे, त्या ग्रुपाची मालकी कागदावर कुणाचीही असो, रीत अजून गावाच्या हातात आहे.