पित्ताशयाची कोंडी

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘सी.पी.आर.’ची, जुनी दगडी इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १८८०च्या दशकाच्या आरंभी ती उभी राहत होती. त्याच सुमारास, १८८२ साली, बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी माणसाचे पित्ताशय प्रथमच काढून टाकले. रुग्ण बरा झाला. पित्ताशयावाचून माणूस जगू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले.

पित्त तयार होते यकृतात. पित्ताशयात ते फक्त साठते आणि दाट होते. पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकला, की आतला द्रव कोंडतो. पिशवी फुगते, तिच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो, जंतूंचे फावते. हाच तीव्र पित्ताशयदाह. वेळेवर उपचार न झाल्यास पिशवी कुजते, कधी फुटतेही.

लांगेनबुख यांच्याआधी, १८६७ साली, अमेरिकेत जॉन बॉब्ज यांनी पोटातील गाठ समजून शस्त्रक्रिया केली, तर ते फुगलेले पित्ताशय निघाले! त्याला चीर देऊन त्यांनी द्रव व खडे बाहेर काढले. म्हणजे मार्ग दोन: कोंडी फोडा किंवा पिशवीच काढा. पुढे शंभर वर्षे दुसऱ्या मार्गाचीच सरशी झाली. १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. मोठा छेद टळला. भूल मात्र टळली नाही.

मग हृदय दुबळे झालेल्या, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांचे काय? त्यांच्यासाठी पहिला मार्ग पुन्हा उपयोगी पडला. प्रथम पोटाच्या त्वचेतून पित्ताशयात नळी घालून द्रव बाहेरच्या पिशवीत घेऊ लागले. पण ती नळी निसटते, दुखते, पिशवी घेऊन वावरावे लागते. १९८४ साली तोंडातून एंडोस्कोप घालून, पित्तनळीच्या वाटेने पित्ताशयात पोचण्याची रीत प्रसिद्ध झाली. ही वाट अरुंद व नागमोडी असल्याने प्रत्येक वेळी साधत नाही. २००७ साली एंडोस्कोपच्या टोकावरील सोनोग्राफीने पाहत, पचनमार्गाच्या भिंतीतूनच थेट पित्ताशयात स्टेंट बसवण्यात आला. पुढे यासाठी डमरूच्या आकाराचे धातूचे स्टेंट आले. दोन्ही टोके रुंद असल्याने ते सहसा सरकत नाहीत, आणि द्रव आतल्या आत वाहून जातो.

२०२० साली हाँगकाँगच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या तुलनेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांत बाहेरून नळी घातलेल्या दर चौघांपैकी सुमारे तिघांना वर्षभरात काही ना काही त्रास झाला. आतून स्टेंट बसवलेल्या चौघांपैकी सुमारे एकाला. तरीही धडधाकट रुग्णासाठी पित्ताशय काढणे हाच मुख्य उपाय आहे.

वर्गात पाण्याने भरलेल्या फुग्याचे तोंड चिमटीत धरून, तो हलकेच दाबून दाखवा. कोंडी म्हणजे काय, ते मुलांना लगेच कळेल. एवढे मात्र त्यांना आवर्जून सांगू या: घरात कोणाला उजव्या बरगडीखाली सतत दुखत असेल आणि तापही असेल, तर ‘पित्त झाले’ म्हणून लिंबू-सोडा देत बसू नये. लगेच डॉक्टर गाठावा.