पदवीबाहेरचे संगीत : मुंबई विद्यापीठाची परंपरा आणि सिंधुदुर्गातील महाविद्यालयीन विद्यार्थी

महाराष्ट्रातील संगीतशिक्षणाचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा घराण्यांचा, संगीत विद्यालयांचा आणि थोर गायक-वादकांचा. विज्ञान, वाणिज्य अथवा विधी शाखेची पदवी घेत असतानाच गाणे-बजावणे शिकणारा विद्यार्थी या इतिहासात क्वचितच दिसतो. दिसलाच तर पुढे तो मोठा कलावंत झाला म्हणून, त्याच्या चरित्रातील एक किरकोळ तपशील या नात्याने दिसतो. वस्तुतः हिंदुस्थानी संगीतशास्त्राची आधुनिक मांडणी ज्यांनी केली ते पंडित विष्णु नारायण भातखंडे अशाच विद्यार्थ्यांपैकी एक होते. प्रस्तुत लेखात या विद्यार्थ्याचा माग घेतला आहे आणि शेवटी तो मालवण किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील महाविद्यालयांपर्यंत नेला आहे. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र दक्षिणेस याच जिल्ह्यात संपते. विद्यापीठाने संगीताच्या बाबतीत काय दिले आणि काय दिले नाही, हे फोर्ट-चर्चगेटपेक्षा या टोकावरून अधिक स्वच्छ दिसते.

कायद्याचा विद्यार्थी आणि गायन उत्तेजक मंडळी

भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी त्यांनी १८८५ मध्ये आणि एल्एल्.बी. १८८७ मध्ये घेतली. या दोन्ही परीक्षांच्या आधी, १८८४ मध्ये, ते गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले होते. कैखुश्रू नवरोजी काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये स्थापन झालेली ही संस्था प्रामुख्याने पारशी गृहस्थांची. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या सुशिक्षित माणसाला प्रतिष्ठेने गाणे शिकता यावे, हा तिचा हेतू. तेथे भातखंड्यांनी रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदांची तालीम घेतली. त्यापूर्वी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे ते सतार शिकले होते. म्हणजे दिवसा महाविद्यालय व कायद्याची पुस्तके आणि फावल्या वेळी बंदिशींच्या वह्या, असे त्यांचे शिक्षण दोन ठिकाणी चालू होते. त्यांतील एकाच ठिकाणाला विद्यापीठाची मान्यता होती.

या दुहेरी शिक्षणाचा त्यांच्या कार्यावर झालेला परिणाम पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. एल्एल्.बी. झाल्यावर त्यांनी काही काळ कराचीत वकिली केली, हे चरित्रकार सांगतात आणि पुढे जातात. परंतु १९१० पासून १९३२ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथाची रचना पाहावी. गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून तो उलगडतो. शिष्य नुसते ऐकून घेत नाही. आधार विचारतो, दोन मतांतील विसंगती दाखवतो, ‘हे कोणत्या ग्रंथात आहे?’ असा हेका धरतो. या संवादाला गुरुकुलातील संवादाइतकाच न्यायालयातील उलटतपासणीचा वास येतो. १९०४ च्या दक्षिणेच्या प्रवासात व नंतर उत्तरेत त्यांनी ठिकठिकाणच्या पंडितांना आणि उस्तादांना जे प्रश्न केले, त्यांमागेही पुरावा गोळा करणाऱ्या वकिलाचीच रीत दिसते. काही उस्तादांना ती रुचली नाही, यात नवल नाही. रागांची दहा थाटांतील विभागणी टीकेस पात्र असेल, पण तिच्यामागचे मन कोठे घडले हे सांगण्यास ‘संगीताचा विद्यार्थी’ एवढे वर्णन अपुरे पडते.

यापुढचा भाग काहीसा विपरीत आहे. स्वतः संगीताबाहेरच्या पदवीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या या पुरुषाने उर्वरित आयुष्य संगीताला स्वतंत्र शिक्षणक्रम मिळवून देण्यात वेचले. १९१६ ची बडोद्याची अखिल भारतीय संगीत परिषद, १९१८ चे ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय, १९२६ चे लखनौचे मॅरिस कॉलेज हे त्या प्रयत्नाचे टप्पे. संगीत हा विद्यापीठीय विषय झाला पाहिजे, हा आग्रह त्या काळी न्याय्यच होता. मात्र स्वतंत्र विभाग झाला की त्याच्या दाराशी प्रवेशाची अट येते. संगीताचा विद्यार्थी आत गेला आणि रसायनशास्त्राचा किंवा कायद्याचा विद्यार्थी बाहेर राहिला. भातखंडे ज्या वर्गातून आले, त्या वर्गाची सोय त्यांच्या योजनेत उरली नाही.

बाहेरची परीक्षा

ती सोय झाली ती दुसऱ्या विष्णूंच्या परंपरेतून. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईला शाखा काढली. पलुसकरांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची उतरंड रचली. या परीक्षांना कोणत्याही विद्यापीठात नाव दाखल असण्याची गरज नव्हती. गावातील खाजगी वर्गात शिकावे, जवळच्या केंद्रावर परीक्षा द्यावी. घोकंपट्टीची, ठराविक बंदिशींची म्हणून या परीक्षांवर झालेली टीका खोटी नाही. तथापि संगीतेतर पदवी घेणाऱ्या हजारोंना क्रमवार शिकण्याची एकमेव वाट याच परीक्षांनी दिली, हेही तितकेच खरे आहे.

पलुसकरांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी संगीताबरोबर इंग्रजी शिक्षण घेऊन पदवी संपादन केली व १९२५ मध्ये मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले. केशवराव भोळे वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईस आले आणि ते अर्धवट टाकून संगीताकडे वळले. पु. ल. देशपांडे यांनी कायद्याची पदवी घेतली, पेटी मात्र कधी सोडली नाही. प्रभा अत्रे यांनी पुण्यात विज्ञानाची आणि कायद्याची पदवी घेत असतानाच सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराना गायकीची तालीम घेतली. पुढे १९७९ ते १९९२ या काळात त्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीताच्या प्राध्यापक व विभागप्रमुख होत्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांची पदव्युत्तर पदवी सूक्ष्मजीवशास्त्रातील आणि संशोधन जीवरसायनशास्त्रातील. संगीतातील त्यांची विशारद पदवी गांधर्व मंडळाची. या नामावळीत आणखी भर घालता येईल. परंतु ही सर्व माणसे मुंबई-पुण्यात होती. महाविद्यालयापासून गुरूच्या घरापर्यंत ट्रामने, लोकलने किंवा सायकलने जाता येत होते, ही गोष्ट कोणी नमूद करीत नाही, कारण त्या शहरांत ती नमूद करण्याजोगी वाटत नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाने संगीत केंद्र सुरू केले. भाषा-साहित्य आणि कायदा यांचे शिक्षण घेतलेले डॉ. अशोक दा. रानडे हे त्याचे पहिले संचालक होते, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. मालवणपासून हे केंद्र सुमारे ५०० किलोमीटरवर होते.

किनाऱ्यावरची तालीम

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. त्यापूर्वीची कित्येक वर्षे येथील मुलाला पदवीसाठी घर सोडावे लागे. कोल्हापूरला घाट चढून, मुंबईला आगबोटीने. रत्नागिरीला महाविद्यालय निघाले ते १९४५ मध्ये, सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय १९६१ मध्ये. नंतर मालवण, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ले येथेही महाविद्यालये झाली आणि मुले गावात राहून शिकू लागली. या बदलाचा संगीताशी असलेला संबंध सहसा ध्यानात येत नाही. जो विद्यार्थी पूर्वी ऐन उमेदीच्या वयात गावाच्या भजनातून आणि जत्रेतून उठून गिरगाव-परळच्या चाळीत जाई, तो आता पदवी होईपर्यंत वाडीतल्या मंडळीतच राहिला. त्याचा पखवाज सुटला नाही.

या भागात चतुर्थीच्या दिवसांत घरोघर भजन होते. वाडीची मंडळी एका घरून दुसऱ्या घरी जाते आणि पेटी, पखवाज, झांज यांचा ताबा रात्र चढेल तसा हातोहात बदलत जातो. दहावी-बारावीची मुले येथेच प्रथम साथीला बसतात. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर असतात. रूपाचा अभंग, गौळण, गजर असा क्रम चालतो आणि एका बुवाने टाकलेल्या पेचाला दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यावयाचे असते. परीक्षेत ताल हातावर दुगुन-चौगुनीत म्हणून दाखवावा लागतो. येथे गजराची लय वाढत असताना शंभर माणसांच्या टाळ्यांत समेवर यावे लागते. दोहोंतील कौशल्य वेगळे आहे. एकाला दुसऱ्याचे हीन रूप समजणे ही अभ्यासकांची जुनी चूक आहे.

दशावताराची रीत याहून कठीण. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात. पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभे राहते आणि पहाटे दहीकाल्याने संपते. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर अशा मंडळींची नावे येथील लहान मुलेही जाणतात. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठाऊक असते, बोलणे उत्स्फूर्त असते. पेटीवाल्याला प्रत्येक नटाची पट्टी माहीत असावी लागते, कारण राजा काळी दोनमध्ये गाऊन गेला की पाठोपाठ येणारा राक्षस वेगळ्याच पट्टीत पद उचलील. पखवाजवाल्याला युद्धाचा नाच कधी तुटणार हे नटाच्या पावलावरून ओळखावे लागते. नाट्यसंगीताचा मोठा साठा याच रात्रींतून गावात टिकला. कुमार गंधर्वांना तबल्याची साथ करणारे वसंतराव आचरेकर याच प्रदेशातले. त्यांच्या नावे कणकवलीत उभे राहिलेले सांस्कृतिक प्रतिष्ठान नाटक आणि संगीत या दोहोंसाठी काम करते, हे या भूमीला धरूनच आहे.

या तालमीची एक उणीव सांगितली पाहिजे. दशावतारात स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले आणि रात्रीच्या जत्रेत साथीला मुलगी बसत नसे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला संगीताची वाट मिळाली ती मुख्यतः परीक्षेच्या वर्गातून. गांधर्व मंडळाच्या ज्या परीक्षांना रूक्ष म्हणून हिणवले जाते, त्यांनीच तिला घरातून बाहेर पडण्यास सबळ कारण दिले.

तीन पंचांगे

पदवी घेत संगीत शिकणाऱ्या येथील विद्यार्थ्याची खरी अडचण आवडीची किंवा बुद्धीची नाही, वेळापत्रकाची आहे. मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. मुंबई विद्यापीठात २०११-१२ पासून श्रेयांक व सत्र पद्धती आली आणि विद्यापीठाच्या परीक्षाही वर्षातून दोनदा, जवळपास त्याच महिन्यांत येऊ लागल्या. जत्रांचा हंगामही कार्तिकातच सुरू होतो. वार्षिक परीक्षेच्या काळात नोव्हेंबर-डिसेंबर मोकळा असे; मुले जत्रा करीत आणि संगीताची परीक्षाही देत. सत्र पद्धतीने तो मोकळेपणा नाहीसा केला. धोरण ठरविणाऱ्यांपुढे शहरातील महाविद्यालये होती. त्रिपुरी पौर्णिमा कोणाच्या ध्यानात असण्याचे कारण नव्हते.

विद्यापीठाने दिलेले व्यासपीठ म्हणजे युवा महोत्सव. १९५४ मध्ये दिल्लीला पहिला आंतरविद्यापीठीय युवक महोत्सव झाला. आज महाविद्यालयापासून विभाग, विद्यापीठ, राज्याचा ‘इंद्रधनुष्य’ आणि राष्ट्रीय महोत्सव अशी साखळी आहे. तिने ग्रामीण विद्यार्थ्याला मुंबईच्या विद्यार्थ्यासमोर उभे केले, हे तिचे मोठे श्रेय. परंतु महोत्सव ही स्पर्धा आहे, शिक्षण नव्हे. शास्त्रीय गायनाला जास्तीत जास्त १५ मिनिटे मिळतात, समूहगीताला ६ गायक लागतात. त्यासाठी महिनाभर तालीम होते आणि मग पेटी पुढच्या वर्षापर्यंत कपाटात जाते.

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घेण्यास अनुमती दिली. जेथे संगीताची पदवी देणारी संस्था हाकेच्या अंतरावर नाही, तेथे प्रत्यक्ष वर्गांच्या दृष्टीने या अनुमतीचा उपयोग मर्यादित आहे. याहून अधिक महत्त्वाचा बदल राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणला. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या रचनेत सहअभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र श्रेयांक असून त्यांत प्रयोगकलांचा समावेश आहे. भातखंड्यांच्या काळापासून पदवीबाहेर राहिलेले संगीत प्रथमच, थोड्या प्रमाणात का होईना, संगीतेतर पदवीच्या गुणपत्रकात येण्याची शक्यता निर्माण झाली.

त्याबरोबर मूल्यमापनाचा प्रश्न आला. ज्या महाविद्यालयात संगीताचा विभाग नाही, तेथे हे श्रेयांक वाणिज्याच्या किंवा प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला द्यावे लागतील. विशारदचे प्रमाणपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थिनीबाबत तो निश्चिंत असेल. पण मोचेमाडपासून आचऱ्यापर्यंतच्या जत्रांत वीस रात्री पखवाज वाजवून, पहाटेच्या एस.टी.ने सकाळच्या प्रात्यक्षिकाला पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याकडे कोणताच कागद नसतो. ७५ टक्के उपस्थितीच्या नियमात त्याच्या गैरहजेऱ्या मात्र नोंदलेल्या असतात. त्या वीस रात्रींचे तास कसे मोजावयाचे, आणि त्यांवर सही मंडळीच्या मालकाची घ्यावयाची की देवस्थानच्या मानकऱ्याची, हे त्या त्या महाविद्यालयालाच ठरवावे लागेल.