‘वसई रोड’ : एका स्थलनामाचा विचार

मुंबईहून उत्तरेस जाणाऱ्या लोहमार्गावर ‘वसई रोड’ नांवाचें स्टेशन आहे. त्यांतील ‘रोड’ या शब्दाकडे नित्याचे प्रवासी सहसा लक्ष देत नाहींत. परंतु आमच्या मतें तो इतिहासाचा एक विश्वसनीय पुरावाच होय. स्टेशन जुन्या वसईंत नसून वसईच्या वाटेवर आहे, हें तो स्पष्ट सांगतो.

जुनी वसई पाण्याकडे तोंड करून वसली होती. इ. स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादुरशहानें ती पोर्तुगीजांस दिली. त्यांनीं खाडीच्या मुखाशीं तटबंदीच्या आंत देवळें, मठ व वाडे बांधून नगर उभारिलें. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं तें जिंकिलें. राज्य पालटलें, तरी नगराचें महत्त्व खाडीवरच अवलंबून राहिलें.

लोहमार्ग आल्यावर ही स्थिति बदलली. इ. स. १८६४ मध्यें मुंबई-सुरत मार्ग खुला झाला. खाडी ओलांडतांना त्यानें पाणजू बेटाचा आधार घेतला, त्यामुळें रूळ किल्ल्यापासून सुमारें दोन कोस दूर पडले. १२ एप्रिल १८६७ पासून विरार व बॅकबे यांमध्यें गाडी सुरू झाली, इ. स. १९३६ मध्यें विजेची गाडी विरारपर्यंत पोहोंचली. वाडींतील केळीं, भाजी व फुलें यांस मुंबईचा बाजार जवळ आला. पुढें तीच गाडी मुंबईंत घर न परवडणाऱ्या नोकरदारांस इकडे घेऊन आली. स्टेशनाच्या दोहों बाजूंस असलेलीं नवघर व माणिकपूर हीं गांवें वाढून त्यांची नगरपरिषद झाली, आणि वस्तीचा मध्य बंदराकडून स्टेशनाकडे सरकला.

इ. स. १९९० मध्यें सिडकोकडे या भागाचें नियोजन सोंपविण्यांत आलें. वाडी, विहिरी व गांवपण जातील या भयानें फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली. ३ जुलै २००९ रोजीं चार नगरपरिषदा व अनेक गांवें मिळून महानगरपालिका झाली, तेव्हां कित्येक गांवांनीं तींत जाण्यास विरोध केला. इ. स. २०११ च्या गणतींत तिची लोकसंख्या १२ लाखांवर भरली.

या विरोधास केवळ जुन्याचा हट्ट म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. बागाईतदारास गाडी माल धाडण्यास हवी होती. तिच्यासाठीं त्यास वाडी सोडावी लागली नाहीं. नव्या रहिवाशास मात्र गाडी हीच उपजीविकेची वाट आहे. त्याचा दिवस प्रवासांत जातो, आणि शेजाऱ्याहून डब्यांतील सोबती त्यास अधिक परिचित होतो. दोघांचीही गरज खरी आहे. गाडीच्या वाटेवर शहर आपोआप वाढतें. गांव मात्र जाणून राखावें लागतें. किल्ल्याचे तट उभे असूनही जुनें नगर ओस पडलें, हें नियोजन करणारांनीं विसरूं नये.