बोलक्या बाहुलीसाठी फ्लीस घरी रंगवायचंय? आधी धागा ओळखा

मीटरभर पांढरं फ्लीस आणलं, कपडे रंगवायची लाल पुडी पाण्यात टाकली, कापड तासभर उकळलं. बाहेर काढलं तर कापड फिकट गुलाबी आणि पातेल्यातलं पाणी लालभडक. दोनदा धुतल्यावर तो गुलाबीही गेला. पहिल्यांदा बाहुली करणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. रंग कमी पडला असं वाटून आणखी एक पुडी टाकली जाते आणि तीही वाया जाते.

गडबड रंगाच्या प्रमाणात नसते. बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांमधला रंग सुती कापडासाठी बनवलेला असतो आणि फ्लीस बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं असतं. म्हणजे ज्यापासून पाण्याच्या बाटल्या बनतात, त्याच प्लॅस्टिकचा तो धागा. पाणीच आत न घेणाऱ्या धाग्यात पाण्यात विरघळलेला रंग शिरणार कसा?

बाहुलीला फ्लीसच का?

मराठी प्रेक्षकांना माहीत असलेल्या बोलक्या बाहुल्या म्हणजे रामदास पाध्ये यांचे अर्धवटराव किंवा 'झपाटलेला'मधला तात्या विंचू. त्यांचे चेहरे टणक असतात आणि वरून रंगवलेले असतात. कापड रंगवायचा प्रश्न तिथे फक्त कपड्यांपुरता. फ्लीसची बाहुली वेगळ्या घराण्यातली. आत फोम, वर कापडाची कातडी आणि हात आत घालून उघडझाप होणारं मोठं तोंड. अमेरिकेत जिम हेन्सन यांच्या 'मपेट्स'नी हा प्रकार जगभर पोहोचवला. त्यांच्या बाहुल्या 1969 मध्ये सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'मधून घराघरांत गेल्या आणि त्याच कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती 'गली गली सिम सिम' 2006 मध्ये आली.

गंमत म्हणजे, हेन्सन यांनी 1955 मध्ये बनवलेला पहिला कर्मिट फ्लीसचा नव्हताच. आईचा जुना हिरवट कोट कापून त्याची कातडी झाली आणि टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून डोळे. हवा तसा रंग आयताच मिळाला होता, तेव्हा रंगवायची कटकट नव्हती.

फ्लीस पुढे आवडीचं ठरलं ते दोन गुणांमुळे. ते ताणलं जातं, त्यामुळे फोमच्या गोलाईवर सुरकुती न पडता बसतं. आणि त्यावर बारीक लव असते. शिवण घातल्यावर सुईच्या टोकानं लव वर ओढून घेतली की टाका दिसत नाही. रंगवताना हीच लव सांभाळायची असते. रंग उत्तम चढला पण लव चपटी झाली, तर चेहऱ्यावरच्या सगळ्या शिवणी उघड्या पडतात.

'फ्लीस' हे धाग्याचं नाव नाही

विणलेल्या कापडाला तारांच्या ब्रशनं घासून लव वर काढली की त्याला फ्लीस म्हणतात. धागा कोणताही असू शकतो. थंडीच्या जॅकेटचं आणि स्वस्त पांघरुणांचं फ्लीस पॉलिएस्टरचं असतं. स्वेटशर्टचं 'कॉटन फ्लीस' सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचं. आणि मपेट्समुळे नाव झालेलं 'अँट्रॉन फ्लीस' नायलॉनचं. अँट्रॉन हे ड्यूपॉन्ट कंपनीनं नायलॉनच्या धाग्याला दिलेलं नाव.

दुकानदाराला विचारून नेहमी खरं उत्तर मिळेलच असं नाही. जाळून बघायची युक्ती अर्धीच उपयोगी पडते. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पण पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही वितळून त्यांचा कडक मणी होतो. त्यांच्यातला फरक नवख्याला कळत नाही. त्यापेक्षा दोन बोटं रुंदीचा तुकडा ॲसिड डाय आणि थोड्या व्हिनेगरच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवावा आणि साबणानं धुवावा. रंग गडद राहिला तर नायलॉन, जवळपास सगळा निघून गेला तर पॉलिएस्टर.

नायलॉन असेल तर काम सोपं

ॲसिड डाय हे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. हा रंग आंबट पाण्यात धाग्याला धरतो, म्हणून हे नाव. लोकर आणि रेशीमही यानेच रंगतं. आंबटपणासाठी पांढरं व्हिनेगर किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं.

100 ग्रॅम कोरड्या कापडाला मध्यम छटेसाठी साधारण 1 ग्रॅम रंगाची पूड, 3 लिटर पाणी आणि 3 ग्रॅम लिंबूसत्त्व हे सुरुवातीचं माप. चमच्यानं अंदाज घेण्यापेक्षा सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा वापरावा, कारण अर्ध्या ग्रॅमनंही छटा बदलते.

नायलॉनचा एक हट्टी स्वभाव आहे. तो रंग फार पटकन ओढतो. उकळत्या रंगात कोरडं कापड टाकलं की जिथे पाणी आधी लागलं तिथे गडद डाग बसतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. म्हणून कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवावं, कोमट रंगात सोडावं, अर्ध्या तासात आच हळूहळू वाढवत 85 ते 90 अंशांपर्यंत न्यावी आणि लिंबूसत्त्व दोन-तीन वेळा थोडंथोडं घालावं. प्रत्येक वेळी आधी कापड बाजूला उचलायचं. मग आणखी अर्धा तास त्याच तापमानाला. प्रमाण जमलं असेल तर पातेल्यातलं पाणी जवळपास नितळ होतं, सगळा रंग कापडात गेलेला असतो.

पॉलिएस्टर असेल तर उष्णतेशी झुंज

पॉलिएस्टरला लागतो डिस्पर्स डाय. हा रंग पाण्यात जेमतेम विरघळतो, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात. धागा साधारण 80 अंशांच्या पुढे सैल होऊ लागतो आणि मग हे कण आत शिरतात. कारखान्यात हे काम बंद यंत्रात दाबाखाली, 130 अंशांच्या आसपास होतं. घरच्या पातेल्यात 100 अंशांपुढे जाताच येत नाही. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी तर पाणी 95-96 अंशांनाच उकळतं.

यावर प्रेशर कुकरचा उपाय अनेकांना सुचतो. तो करू नये. फ्लीसची सुटलेली लव वाफेच्या छिद्रात अडकू शकते आणि असा कुकर पुन्हा स्वयंपाकाला वापरता येत नाही. घरासाठी 'रिट डायमोअर' किंवा 'आयडाय पॉली' असे सिंथेटिक कापडाचे खास रंग असतात. ते उकळीच्या जवळच्या पाण्यात किमान अर्धा तास, गडद छटेला तासभर, सतत हलवत ठेवावे लागतात. एवढं करूनही पॉलिएस्टरवरची छटा अपेक्षेपेक्षा फिकी येते. गर्द काळा, गर्द लाल हवा असेल तर त्या रंगाचं तयार फ्लीस विकत घेणंच शहाणपणाचं. घरी रंगवण्याची मजा आहे ती बाजारात न मिळणाऱ्या छटांसाठी: बेडकाचा शेवाळी, राक्षसाचा जांभळट, आजीच्या चेहऱ्याचा गव्हाळ.

धागा कोणता हे कळलंच नाही, तर डिस्पर्स डायवर पैज लावावी. तो नायलॉनवरही चढतो, धुण्यात मात्र थोडा कमी टिकतो. सुती-पॉलिएस्टर मिश्रणावर फक्त पॉलिएस्टरचा भाग रंगतो आणि कापड ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. एखाद्या म्हाताऱ्या प्राण्याला तेही शोभेल.

गडद कापड फिकट करायचा विचार सोडून द्यावा. क्लोरीनच्या ब्लीचला पॉलिएस्टरचा रंग दाद देत नाही आणि नायलॉन त्यानं खराब होतं. सुरुवात पांढऱ्यापासूनच.

लव कशी वाचवायची?

कापड पिळायचं नाही. गरम असताना थंड पाण्यात बुडवायचं नाही, कारण त्या क्षणी पडलेल्या सुरकुत्या धाग्यात पक्क्या होतात. पातेलं झाकून तसंच थंड होऊ द्यावं. नंतर कापड साबणाच्या कोमट पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत धुवावं, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावं आणि आडवं पसरून सावलीत वाळवावं. थोडं ओलसर असताना मऊ ब्रश एकाच दिशेनं फिरवला की लव उठते.

बाहुलीचे तुकडे कापून मग रंगवणं ही आणखी एक नेहमीची चूक. उष्णतेनं कापड थोडं आटतं, मग डोकं फोमवर चढत नाही. शिवाय दोन वेळा रंगवलेल्या कापडाची छटा सहसा हुबेहूब जुळत नाही. डोकं, हात, कान आणि पुढे दुरुस्तीला लागेल तेवढं कापड एकाच पातेल्यात, एकाच वेळी रंगवायचं.

हाताला रंग लागला तर?

प्रश्न फक्त डागाचा नाही. काही डिस्पर्स रंगांमुळे, विशेषतः काही निळ्या रंगांमुळे, त्वचेला ॲलर्जी होते हे त्वचारोगतज्ज्ञांना बऱ्याच काळापासून माहीत आहे. घट्ट, घाम येणाऱ्या जागी त्रास जास्त होतो. बाहुलीत हात घालून तासभर प्रयोग करणं म्हणजे नेमकी तीच स्थिती, आणि समोर बसलेली मुलं तिला मिठ्या मारणार ते वेगळंच. त्यामुळे ओला पांढरा रुमाल कापडावर जोरात घासून बघावा. रुमाल रंगला तर पुन्हा धुणं आलं. आतून, जिथे हात जातो तिथे, न रंगवलेल्या सुती कापडाचं अस्तर लावावं.

रंगवतानाही रबरी हातमोजे, उघडी खिडकी, आणि पूड मोजताना तोंडावर मास्क. पातेलं स्टीलचं, पुन्हा स्वयंपाकात न वापरण्याचं. ॲल्युमिनियम नको, आंबट पाणी त्याला खातं. उरलेलं पाणी जुन्या सुती कापडातून गाळून, त्यात खायचा सोडा घालून आंबटपणा मोडावा आणि मग मोरीत सोडावं. विहिरीजवळ किंवा झाडांना नाही. गाळणाऱ्या कापडावर जमलेली लव सुकवून कचऱ्यात टाकायची, कारण तोही प्लॅस्टिकचाच चुरा असतो.