सुषिरवाद्यांतील जंतू व स्वच्छता

मुखाने फुंकून वाजविल्या जाणाऱ्या वाद्यांच्या अंतर्भागात ओलाव्यामुळे होणारी जीवाणूंची व बुरशीची वाढ, तिच्यापासून वादकास संभवणारे विकार आणि त्यांचा परिहार, हा या नोंदीचा विषय. ट्राँबोन वा ट्रंपेट यांच्या नळीतून वादक मधूनमधून जे पाणी झटकतो ती सगळी थुंकीच, असा प्रेक्षकांचा समज असतो. वस्तुतः उष्ण उच्छ्वासातील बाष्प थंड धातूस भिडून झालेले ते मुख्यत्वे दव असते. मात्र त्याबरोबर लाळ व अन्नकण वळणावळणांत चिकटतात, आणि वाद्य तसेच ओले पेटीत बंद केले म्हणजे जंतूंच्या निर्वाहाची तजवीज आपोआपच होते. तांब्याच्या स्पर्शाने जंतू मरतात व पितळात तांबे असते, हे खरे. परंतु नळीत किटण बसले की धातूचा हा गुण फारसा उपयोगी पडत नाही.

दुसऱ्याच्या उष्ट्या वाद्याचे भय सर्वांस वाटते. पण वैद्यकाच्या दप्तरी जे गंभीर दाखले आहेत ते स्वतःच्याच वाद्यापासून बाधा झालेल्यांचे आहेत. 2016 साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात इंग्लंडमधील एका एकसष्ट वर्षीय बॅगपाइपवादकाची हकीकत प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे खोकला व दम यांनी ग्रासलेल्या या इसमास, वाद्य घरी ठेवून ऑस्ट्रेलियात काढलेल्या तीन महिन्यांत, चटकन आराम पडला. परतून वादन सुरू करताच व्याधी पुन्हा उलटली, आणि 2014 मध्ये त्याचा अंत झाला. त्याच्या बॅगपाइपच्या पिशवीत व अन्य भागांत नाना जातींच्या बुरशी आढळल्या. फुप्फुसाचा दाह त्यांच्याच अतिसंवेदनेने झाला असावा, असे वैद्यांचे अनुमान होते. 2010 साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात नोंदलेला अमेरिकन ट्राँबोनवादक अधिक सुदैवी: वाद्य अल्कोहोलने नियमित साफ करू लागल्यावर त्याचा पंधरा वर्षांचा खोकला थांबला.

क्लॅरिनेटची बोरूची पत्ती सच्छिद्र असून थेट ओठांत असते, सबब जंतूंचा भार तिच्यावर व मुखाकडील भागात अधिक. आपल्याकडे सनईवादक जादा पत्त्या दोऱ्याने वाद्यालाच टांगून ठेवतो, त्या निदान उघड्या हवेत वाळतात. बॅगपाइपचे तसे नाही. कातडी पिशवी मऊ व हवाबंद राहावी म्हणून तिला आतून मुद्दाम लेप देतात, तेव्हा ती खडखडीत वाळविणे हेच तिच्या धर्माविरुद्ध.

उपाय साधे आहेत: वादनानंतर पाणी काढून आतून फडके फिरविणे, माउथपीस साबणाने धुणे, पत्ती स्वतंत्र वाळविणे. पितळेच्या नळ्या कोमट पाण्याने धुवाव्यात, कढत पाण्याने वरचा लाखेचा मुलामा सुटू शकतो; लाकडी क्लॅरिनेट मात्र पाण्यात बुडवू नये, ते तडकते.