महाराजाचं विमान आणि बाईची नोकरी

आपल्यातल्या बहुतेकींनी विमान बघितलंय ते अंगणात उभं राहून, मान वर करून. पुण्याच्या आसपासच्या गावांत तर लोहगावला उतरणारं विमान घरावरूनच जातं. आज त्या विमानाच्या आतली गोष्ट सांगते. ती थाटामाटाची आहे, तशीच हक्काच्या भांडणाचीही आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका छोट्या विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला उतरले. विमान ते स्वतः चालवत होते. याच कंपनीचं नाव १९४६ मध्ये एअर इंडिया झालं. त्याच सुमारास कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मोठ्या मिशांचा, फेट्याचा, कमरेत वाकून स्वागत करणारा महाराजा जन्माला घातला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमानं आली. तेव्हा विमानाने जाणं म्हणजे श्रीमंतांचं काम. प्रवाशांची सरबराई जावयासारखी व्हायची. १९६७ मध्ये कंपनीने साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकाराकडून रक्षापात्रं, म्हणजे सिगारेटची राख झाडायची भांडी, घडवून घेतली. मोबदल्यात त्याने मागितलं हत्तीचं पिल्लू, आणि कंपनीने ते खरंच भारतातून पाठवलं! १९७१ मध्ये जंबो जेट आलं, तेव्हा त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती महालाच्या झरोक्यासारखी नक्षी रंगवली. त्याला ‘आकाशातला महाल’ म्हणत.

हाच थाट जमिनीवरही आला. १९७१ मध्येच एअर इंडियाने हॉटेलं चालवायला वेगळी कंपनी काढली. मुंबईच्या विमानतळाजवळ तिचं सेंटॉर हॉटेल उभं राहिलं, चक्क गोल आकाराचं. उद्याचं जग असंच गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असेल, असं त्या काळी वाटायचं.

आता या महालात राबणाऱ्या बायांकडे येऊ. त्यांना आपण ‘हवाई सुंदरी’ म्हणायचो. नावातच बघा, कामापेक्षा रूप पुढे. आग लागली किंवा विमान अडचणीत आलं, तर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढणं हेही त्यांचंच काम. पण नियम काय होते? नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, तर नोकरी जाणार. पहिल्यांदा दिवस गेले, तर नोकरी जाणार. आणि यातलं काही झालं नाही, तरी ३५ व्या वर्षी निवृत्ती. मुदत वाढवून द्यायची की नाही, ते वरिष्ठांच्या मर्जीवर. विमानात त्यांच्याबरोबर सेवा करणारे पुरुष मात्र ५८ पर्यंत नोकरीत राहू शकत.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध कोर्टात गेल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दिवस गेले म्हणून बाईला कामावरून काढणं मनमानीचं आणि स्त्रीत्वाचा अपमान करणारं आहे, असं म्हणून न्यायालयाने तो नियम रद्द केला. वरिष्ठांची मर्जीही मोडीत काढली. पण चार वर्षं लग्न न करण्याची अट तशीच ठेवली. बायका आणि पुरुष यांची भरती आणि सेवाशर्ती वेगळ्या, म्हणून हा भेदभाव नाही, असंही म्हटलं. म्हणजे जिंकल्या, पण अर्ध्याच. पुढच्या गोष्टींसाठी त्यांना भांडत राहावं लागलं.

चारच वर्षांनी, १९८५ मध्ये, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचं विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं. त्यातल्या सगळ्या कर्मचारी बायकाच होत्या. ट्रे धरणारे हात आणि विमान चालवणारे हात, दोन्ही आता बाईचेच होते.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्याला कशाला, असं वाटेल. पण आपल्या लेकी, सुना आता पुण्यात मॉलमध्ये, हॉटेलात, कंपनीत कामाला जातात. बाहेर चकचकाट असतो, गणवेश छान असतो. नियम मात्र कागदावर बारीक अक्षरात असतात. सही करण्याआधी तो कागद गटाच्या बैठकीत आणा, मोठ्याने वाचा. बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ पासून आहे. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांनाही तो लागू होतो. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं, एवढं लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी डोक्यावरून विमान गेलं, की पोरींना महाराजाची गोष्ट जरूर सांगा. पण नर्गेशबाईंची आधी सांगा.