लिनक्समधील देखभालकर्ते आणि त्यांचा दर्जा

लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या गाभ्यातील कोणता विभाग कोणाकडे आहे आणि दोष कोणाला कळवावा, याची नोंद ‘मेंटेनर्स’ या फाइलमध्ये असते. ‘सपोर्टेड’ म्हणजे देखभालीसाठी कोणाला तरी वेतन मिळते, ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणीतरी लक्ष देते, ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे सवडीनुसार दुरुस्ती, तर ‘ऑर्फन’ म्हणजे वाली नसलेला विभाग.

अशा नोंदीतून देखभालकर्त्याचा थकवा मात्र दिसत नाही. गाभ्याबाहेरील, पण लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या साधनाचा भार अनेक वर्षे एकाच स्वयंसेवकावर होता. मदत करून विश्वास संपादन केलेल्या सहदेखभालकर्त्याने त्यात छुपा प्रवेशमार्ग घातला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो २९ मार्च २०२४ रोजी उघड केला. लॉगिनला लागलेल्या सुमारे अर्ध्या सेकंदाच्या जादा वेळेमुळे त्यांना संशय आला होता.